न बांधलेला मनोरा

१

बोरीबंदर स्थानकाच्या छपरातून खांब वर काढून त्यांच्यावर ५५ मजल्यांची कार्यालयीन इमारत उभी केली आहे, असे क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. कमानी, घुमट, दगडात कोरलेले प्राणीपक्षी सगळे जागच्या जागी आहे. फक्त त्यांच्या डोक्यावरचे आकाश गेले आहे. आपल्याकडे ही कल्पना करून पाहावी लागते. न्यूयॉर्कमध्ये १९६८ साली असाच एक मनोरा ग्रँड सेंट्रल टर्मिनलवर बांधायचे ठरले होते. नकाशे तयार होते, भाडेपट्ट्यावर सह्या झाल्या होत्या आणि वास्तुशिल्पी जगन्मान्य होता. मनोरा झाला नाही, कारण शहराने परवानगी नाकारली. मालक कंपनीने दावा लावला. तो दावा जवळजवळ नऊ वर्षे चालला आणि २६ जून १९७८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूने कौल दिला. ‘पेन सेंट्रल ट्रान्सपोर्टेशन कंपनी विरुद्ध न्यूयॉर्क शहर’ हे त्या खटल्याचे नाव.

वारसा जतनाच्या इतिहासात हा निकाल विजयस्तंभासारखा उभा आहे. लोभी कंपनी, जागरूक नागरिक, खंबीर शहर आणि शेवटी न्याय, अशी त्याची कथा सांगितली जाते. कथा खोटी नाही. पण निकालपत्र हाही गद्याचा एक प्रकार आहे. त्यालाही निवेदक असतो, त्यातही काही तपशील पुढे येतात आणि काही मागे राहतात. म्हणून कोणत्याही गद्यासारखे ते सावकाश वाचता येते. तसे वाचू लागल्यावर मला या निकालपत्रात एक विसंगती दिसली. निकाल जिंकायला ती विसंगती उपयोगी पडली, आणि पुढे तिच्यातून एक विक्रीयोग्य वस्तू तयार झाली. त्या वस्तूचे नाव मुंबईच्या कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या सभेत आज सर्रास ऐकू येते : टीडीआर. ग्रँड सेंट्रलवर न बांधलेल्या मनोऱ्याचे पुढे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

२

ग्रँड सेंट्रल १९१३ साली सुरू झाले. त्या काळी रेल्वे कंपन्या श्रीमंत होत्या आणि स्थानक हे त्यांच्या ऐश्वर्याचे प्रदर्शन होते. मूळ आराखड्यात स्थानकावर २० मजली कार्यालयीन इमारत धरलेली होती आणि तिचा भार पेलण्याची तरतूदही पायाभरणीतच केलेली होती. ती इमारत बांधली गेली नाही. म्हणजे स्थानकाच्या डोक्यावर एक न बांधलेली इमारत अगदी जन्मापासूनच होती. पुढे मालकाच्या युक्तिवादात हा मुद्दा येणार होता : आम्ही नवीन काही मागत नाही, पूर्वीपासूनचीच ही अपेक्षा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि विमानांनी रेल्वेचे उत्पन्न खाल्ले. रेल्वे कंपन्यांकडे एकच मौल्यवान गोष्ट उरली, ती म्हणजे शहराच्या मध्यभागची जमीन. १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचेच दुसरे भव्य स्थानक, १९१० सालचे पेनसिल्व्हेनिया स्टेशन, पाडायला सुरुवात झाली. वास्तुशिल्पींनी रस्त्यावर येऊन निदर्शने केली, पण पाडकाम थांबवण्याचा कोणताही अधिकार शहराकडे नव्हता. मालमत्ता खासगी होती आणि मालकाला ती नको होती. या धक्क्यातून १९६५ चा वारसा वास्तू कायदा आला आणि त्याबरोबर जतन आयोग आला. आयोगाने एखादी वास्तू वारसा म्हणून जाहीर केली की तिच्या बाह्यरूपात बदल करायला त्याची मंजुरी घ्यावी लागणार होती. ग्रँड सेंट्रल १९६७ च्या ऑगस्टमध्ये या यादीत आले.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, जानेवारी १९६८ मध्ये, रेल्वे कंपनीने यूजीपी प्रॉपर्टीज नावाच्या विकासकाशी पन्नास वर्षांचा करार केला. बांधकाम चालू असताना वर्षाला १० लाख डॉलर आणि ते पुरे झाल्यावर किमान ३० लाख डॉलर असे भाडे ठरले. आराखडा मार्सेल ब्रॉयरकडे दिला गेला. ब्रॉयर बाउहाउस परंपरेतला, वॉल्टर ग्रोपियसचा विद्यार्थी आणि सहकारी. ग्रँड सेंट्रलच्या पाठीमागे १९६३ साली उभी राहिलेली ५९ मजली पॅन अ‍ॅम इमारत ग्रोपियसच्या सहभागाने झाली होती. गुरूने स्थानकाची पाठ व्यापली होती, आता शिष्य त्याच्या डोक्यावर चढणार होता.

ब्रॉयरने दोन आराखडे दिले. पहिल्यात स्थानकाचा दर्शनी भाग तसाच ठेवून वर ५५ मजले होते. १९६५ च्या कायद्याने बाह्यरूपालाच संरक्षण दिले होते, आणि दर्शनी भाग राखणारा हा आराखडा त्या मर्यादेचा पुरेपूर लाभ घेऊ पाहत होता. दुसऱ्यात ४२ व्या रस्त्यावरचा दर्शनी भाग पाडून ५३ मजले होते. चार दिवसांच्या सुनावणीत ८० हून अधिक साक्षीदारांनी आपली बाजू मांडली आणि आयोगाने दोन्ही आराखडे नाकारले. आयोगाचा निर्णय वाचताना गंमत वाटते, कारण सरकारी कागदाला सहसा नसणारी चीड त्यात आहे. पहिल्या आराखड्याला आयोगाने सौंदर्याची थट्टा ठरवले. दुसऱ्याबद्दल त्याचे म्हणणे साधे होते : एखादी वास्तू जपायची असेल तर ती कोणी पाडत नाही. समीक्षकाने कलाकृतीवर द्यावा तसा हा अभिप्राय आहे. मात्र या अभिप्रायामागे कायद्याचा दंडुका होता, आणि म्हणूनच तो न्यायालयात गेला.

३

मालक कंपनीने १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये दावा लावला. तिने आयोगाच्या अभिरुचीला आव्हान दिले नाही. स्थानक वारसा नाही, असेही ती म्हणाली नाही. तिचे म्हणणे घटनेच्या पाचव्या आणि चौदाव्या दुरुस्तीवर आधारलेले होते : खासगी मालमत्ता सार्वजनिक उपयोगासाठी घ्यायची असेल तर योग्य भरपाई द्यावी लागते, आणि शहराने आमच्या स्थानकावरची सगळी हवा भरपाईविना घेतली आहे. स्थानक सुंदर आहे हे मान्य, पण त्या सौंदर्याचे बिल आम्हीच का भरायचे?

दरम्यान १९७० च्या जूनमध्ये पेन सेंट्रलने दिवाळखोरी जाहीर केली. १९७५ च्या जानेवारीत पहिला निकाल कंपनीच्या बाजूने लागला. (न्यूयॉर्क राज्यात या प्राथमिक न्यायालयाचे नाव ‘सुप्रीम कोर्ट’ आहे, त्यामुळे वाचकाची फसगत होते.) शहर स्वतःच आर्थिक संकटात होते आणि अपील हरल्यास भरपाईचा बोजा येईल, ही भीती होती. तेव्हा जॅकलिन केनेडी ओनासिस यांनी महापौर अब्राहम बीम यांना पत्र लिहिले, बचाव समिती उभी राहिली आणि शहराने अपील केले. राज्याच्या दोन्ही वरिष्ठ न्यायालयांत शहर जिंकले. सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीच्या आदल्या दिवशी, १६ एप्रिल १९७८ रोजी, समितीचे लोक खास रेल्वेगाडीने वॉशिंग्टनला गेले. स्थानक वाचवण्यासाठी गाडीनेच जावे, यात एक औचित्य होते.

राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा १९७७ चा निकाल मुख्य न्यायाधीश ब्रायटेल यांनी लिहिला. माझ्या मते या खटल्यातले सर्वांत धाडसी लेखन ते आहे, जरी पुढे ते बाजूला पडले. ब्रायटेल यांनी विचारले की या जागेची किंमत निर्माण केली कोणी? रेल्वेला सरकारने सवलती दिल्या. शहराने भुयारी रेल्वेचे जाळे तिथे आणून जोडले. लाखो माणसे रोज तिथून जातात म्हणून तिथली फूटभर जागाही सोन्याची झाली. मग समाजाने निर्माण केलेल्या या किमतीवरही पूर्ण परतावा मिळाला पाहिजे, असे मालकाला कसे म्हणता येईल? मालकाच्या स्वतःच्या भांडवलावर वाजवी परतावा मिळाला म्हणजे पुरे. वॉशिंग्टनमधल्या बहुमताने शहराचा विजय कायम ठेवला, पण हा तर्क स्वीकारला नाही. तो स्वीकारला असता तर ‘जमिनीचा भाव कोणाचा?’ हा प्रश्न न्यायालयाच्या दारात कायमचा येऊन बसला असता. न्यायमूर्तींनी अधिक सुरक्षित वाट निवडली.

४

बहुमताचे निकालपत्र विल्यम ब्रेनन यांनी लिहिले. कायद्याचे विद्यार्थी ते तीन कसोट्यांसाठी लक्षात ठेवतात : निर्बंधाचा मालकावर झालेला आर्थिक परिणाम, गुंतवणुकीच्या आधारावर बाळगलेल्या अपेक्षांना बसलेला धक्का, आणि सरकारी कृतीचे स्वरूप. कोणत्या कसोटीला किती वजन द्यायचे हे निकालपत्र सांगत नाही. प्रत्येक प्रकरण ज्याच्या-त्याच्या वस्तुस्थितीवर पाहावे लागेल, असे ते उघडच म्हणते. पुढच्या जवळजवळ अर्धशतकात बांधकामाला मिळालेल्या नकाराविरुद्धचे अमेरिकेतले असंख्य दावे याच तीन ओळींभोवती फिरले. संदिग्ध वाक्यांचे आयुष्य मोठे असते, ते असे.

मला मात्र कसोट्यांपेक्षा दोन परिच्छेद महत्त्वाचे वाटतात. पहिल्यात ब्रेनन म्हणतात की मालमत्तेचे असे तुकडे पाडता येत नाहीत. मालक म्हणतो, माझी हवा पूर्ण गेली. पण हवा ही वेगळी मालमत्ता नाही. संपूर्ण भूखंड एकत्र पाहायचा. तो तसा पाहिला तर स्थानक चालू आहे, दुकानांचे भाडे येते आहे, मालक वाजवी परतावा मिळवू शकतो. तेव्हा काहीच ‘घेतले’ गेलेले नाही. शिवाय आयोगाने दोन विशिष्ट आराखडे नाकारले आहेत. यापेक्षा लहान, स्थानकाशी सुसंगत इमारत नाकारली जाईलच असे कोणी म्हटलेले नाही, कारण मालकाने तशी मागणीच केलेली नाही.

दुसरा परिच्छेद थोड्याच अंतरावर येतो. न्यूयॉर्कने १९६८ मध्ये नियमांत अशी सोय केली होती की वारसा वास्तूवर न वापरलेला बांधकामाचा हक्क आसपासच्या भूखंडांवर नेता यावा. ब्रेनन लिहितात की ग्रँड सेंट्रलच्या हवेचा हक्क नष्ट झालेला नाही. तो परिसरातल्या निदान आठ भूखंडांवर नेता येतो. हा हक्क घटनेच्या अर्थाने पूर्ण भरपाई ठरेल की नाही हा वेगळा प्रश्न, पण मालकावरचा भार तो हलका करतो आणि हे विचारात घ्यायला हरकत नाही.

आता हे दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून वाचावेत. पहिला म्हणतो, हवा जमिनीपासून तोडता येत नाही. दुसरा म्हणतो, हवा तोडून शेजारी नेता येते. मालक नुकसान मोजू लागला की भूखंड अखंड असतो; शहर सांत्वन करू लागले की तोच भूखंड विभाज्य होतो. निकालपत्रात ही सांधेजोड इतक्या सफाईने झाली आहे की पहिल्या वाचनात ती मला जाणवलीही नव्हती. ब्रेनन यांनी चुकीचा निकाल दिला असे मी म्हणत नाही. स्थानक वाचायला हवे होते आणि वाचले. पण शहराला ठाम नकार देण्याचा अधिकार आहे, असे सांगणाऱ्या या निकालपत्राने त्या नकाराला हळूच एक पुस्ती जोडली : इथे नको, तिकडे चालेल.

५

विल्यम रेनक्विस्ट यांचे भिन्नमत वारसाप्रेमींना आवडत नाही. मला ते पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते, कारण त्यातला प्रश्न अगदी साधा आहे. न्यूयॉर्कमध्ये दहा लाखांहून अधिक इमारती आहेत. त्यांतल्या सुमारे चारशे निवडून शहराने त्यांच्या मालकांना सांगितले की तुम्ही आहे तसेच राहा. सामान्य नियोजनाचे नियम सगळ्यांना बांधतात. माझ्या शेजाऱ्यालाही माझ्याइतकाच निर्बंध असतो, म्हणून माझ्या नुकसानीत माझाही काही लाभ असतो. वारसा वास्तूच्या मालकाला असा परतीचा लाभ नाही. मग शहराला हव्या असलेल्या सौंदर्याचा खर्च सगळ्या करदात्यांनी वाटून घ्यायचा, की चारशे जणांच्या गळ्यात बांधायचा? हस्तांतरणीय हक्क हीच भरपाई असेल तर ती नुकसानीच्या पुरेपूर तोडीची आहे का, हे पुराव्यानिशी तपासावे आणि त्यासाठी खटला खाली पाठवावा, असे त्यांचे म्हणणे होते.

रेनक्विस्ट यांनी ब्रेनन यांच्या सांध्यावर नेमके बोट ठेवले : हक्क दिलात ना, मग त्याची किंमत मोजा. पण त्यांच्याही हिशेबात दोनच खाती आहेत, मालक आणि करदाता. तिसरे खाते दोन्ही निकालपत्रांत नाही. ज्या आठ भूखंडांवर तो भार उतरू शकत होता, त्यांच्या शेजारी कोण होते? तिथल्या फूटपाथवरून चालणारे, तिथल्या खिडकीतून ऊन घेणारे, तिथल्या फलाटावर गर्दीत उभे राहणारे? ते या खटल्यात पक्षकार नव्हते आणि त्या कायदेशीर चौकटीत त्यांना पक्षकार होण्याचे कारणही नव्हते. स्थानकाच्या डोक्यावरून उचललेला मनोरा त्यांच्या आकाशात उतरणार होता. शहराने दिलेल्या नकाराची किंमत कोणीतरी अशा माणसाने भरायची होती, ज्याला तो नकार कळवलाही गेला नव्हता.

६

मनोऱ्याचे पुढे काय झाले ते पाहू. १९८९ मध्ये मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या ३८३ क्रमांकाच्या भूखंडावर ग्रँड सेंट्रलचा सुमारे ८ लाख चौरस फुटांचा हक्क नेण्याची परवानगी मागितली गेली. शहराच्या नियोजन आयोगाने ती नाकारली. पुन्हा दावा झाला आणि पुन्हा शहर जिंकले. या प्रसंगाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी जाते, पण माझ्या दृष्टीने तो फार बोलका आहे. हक्क जिथून निघतो तिथे शहराने नाही म्हटले होते. तो जिथे उतरतो तिथेही शहराला नाही म्हणता येत होते. हस्तांतरासाठी खास परवानगी लागत होती आणि तिच्यासाठी जाहीर सुनावणी होत होती. तिसऱ्या खात्यातल्या माणसाला निदान एक खिडकी उघडी होती.

२००६ मध्ये स्थानकाची मालकी मिडटाऊन टीडीआर व्हेंचर्स या कंपनीने सुमारे ८ कोटी डॉलरना घेतली. कंपनीच्या नावातच तिचा हेतू आहे. तिला स्थानक चालवायचे नव्हते, त्याच्या डोक्यावरची न वापरलेली हवा विकायची होती. २०१५ मध्ये शहराने शेजारच्या वन व्हँडरबिल्ट या मनोऱ्याला वाढीव बांधकाम मंजूर केले. बदल्यात विकासकाने भुयारी रेल्वे आणि स्थानक परिसराच्या सुधारणांवर २२ कोटी डॉलर खर्च करायचे होते. याचा अर्थ असा की शेजाऱ्याला ग्रँड सेंट्रलची हवा विकत घेण्याची गरजच उरली नाही. कंपनीने शहरावर १ अब्ज १० कोटी डॉलरचा दावा लावला : तुम्ही हवा फुकट वाटलीत, आमच्या हवेचा भाव पडला. हे प्रकरण २०१६ मध्ये तडजोडीने मिटले.

१९६९ चा दावा शहराने नाही म्हटले म्हणून होता. २०१५ चा दावा शहराने दुसऱ्याला हो म्हटले म्हणून होता. ब्रेनन यांनी भार हलका करण्यासाठी ज्या हक्काचा उल्लेख केला, तो चार दशकांत एवढा वजनदार झाला की आता शहराचा होकारही त्याला विचारून यावा, अशी अपेक्षा निर्माण झाली. पुढे २०१७ च्या नव्या नियमांनी मिडटाऊनच्या बऱ्याच मोठ्या भागात वारसा वास्तूंचे हक्क विकायची मुभा दिली आणि विक्रीतला एक वाटा रस्ते-चौकांच्या सुधारणेसाठी राखून ठेवला. स्थानकाची वास्तू मात्र सार्वजनिक वाहतूक प्राधिकरणाने साडेतीन कोटी डॉलरना घ्यायचे ठरवले. त्यात हवेचा समावेश नव्हता. ज्या वास्तूसाठी सगळा लढा झाला तिची किंमत साडेतीन कोटी, आणि तिच्यावर जे बांधले गेले नाही त्याच्या भावावरून लावलेला दावा अब्जावर. बाजाराने ब्रेनन यांच्या दोन परिच्छेदांपैकी कोणता खरा मानला, ते या आकड्यांवरून कळते.

७

हस्तांतरणीय विकास हक्क ही कल्पना मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आली. मुंबईचे दुखणे वेगळे होते. विकास आराखड्यात उद्याने, शाळा, रस्ते यांसाठी आरक्षणे होती, पण जमीन विकत घ्यायला महापालिकेकडे पैसे नव्हते. आरक्षण हाही एक नकारच असतो : इथे तुला बांधता येणार नाही. मात्र महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ असे की दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठराविक मुदतीत हालचाल न झाल्यास आरक्षण रद्द होते. आपल्या शहराच्या नकाराला अशी मुदत आहे. रोख पैसा न देता जमीन मिळवायची तर टीडीआर हा मार्ग सोयीचा होता, आणि त्यातून रस्ते-मैदानांसाठी जमिनी मिळाल्या हे मान्य केले पाहिजे. १९९५ च्या वारसा नियमावलीने तर ब्रेनन यांच्या दुसऱ्या परिच्छेदालाच नियमाचे रूप दिले : परवानगी नाकारल्यामुळे वारसा वास्तूच्या मालकाला शिल्लक चटईक्षेत्र वापरता आले नाही, तर त्याला त्या बदल्यात विकास हक्काचे प्रमाणपत्र मिळावे. झोपडपट्टी पुनर्वसनातून निर्माण झालेला टीडीआर यात येऊन मिळाला आणि प्रमाणपत्रांचा बाजार उभा राहिला.

१९९१ च्या नियमावलीतली एक अट मला सगळ्यात अर्थपूर्ण वाटते. टीडीआर बेटशहरात वापरायचा नव्हता. तो मूळ जागेच्या त्याच प्रभागात किंवा उत्तरेकडे, म्हणजे उपनगरांत उतरवायचा होता. रेल्वेलगतचे काही गजबजलेले पट्टे वगळले होते, पण एकंदर दिशा ठरलेली होती. दक्षिणेत नकार आणि उत्तरेत मजले. उपनगरात चटईक्षेत्र निर्देशांक १ होता. टीडीआर ‘लोड’ केला की तो २ पर्यंत जाई. जुन्या चार मजली सोसायटीच्या जागी सात-आठ मजले उभे राहिले. समोरचा रस्ता तेवढाच, गटार तेवढेच, स्थानकाचा जिना तेवढाच. पुढे, २०१६ नंतर, टीडीआर रस्त्याच्या रुंदीशी आणि सरकारी दरपत्रकातल्या भावाशी जोडण्यात आला. म्हणजे मधली पंचवीस वर्षे रस्त्याची रुंदी हा मुख्य निकष नव्हता.

न्यूयॉर्क आणि मुंबई यांच्यातला महत्त्वाचा फरक इथे आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१७ पर्यंत वारसा वास्तूचा हक्क उतरवताना सहसा पुन्हा परवानगी लागे आणि ती नाकारली जाऊ शके. मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर ती नाकारली गेली. मुंबईत प्रमाणपत्र हाती आले की नियमांच्या चौकटीत ते कुठेही वापरणे हा धारकाचा हक्क झाला. त्यासाठी गल्लीतल्या लोकांची सुनावणी नव्हती. आपण टीडीआर घेतला, पण दुसऱ्या टोकाला नाही म्हणण्याची सोय घेतली नाही. दक्षिण मुंबईतली एखादी सुंदर इमारत वाचली याचा आनंद मला आहे. पण तिच्या नकाराचा भार कोणत्या उपनगरी गल्लीने उचलला, याची नोंद त्या इमारतीच्या फलकावर कधी नसते.

८

योगायोग असा की १९७८ हे साल आपल्याही मालमत्ता-विचारात महत्त्वाचे आहे. ‘१९७८ चा चव्वेचाळिसावा घटनादुरुस्ती कायदा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला आणि कलम ३००-अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून ठेवला. अमेरिकेच्या मानाने आपल्या शहरांना मालकाला नाही म्हणणे सोपे असायला हवे होते. प्रत्यक्षात उलट घडले. घटनेने मोकळीक दिली, तिजोरीने ती काढून घेतली, आणि प्रत्येक नकाराबरोबर एक प्रमाणपत्र देण्याची सवय आपल्याला लागली.

या सगळ्यातून मी एवढ्याच मुद्द्यावर येतो. शहराच्या नकाराचे वाचन करताना आपण तीन गोष्टी विचारायला हव्यात : काय नाकारले, मालकाला काय दिले, आणि नाकारलेली वस्तू कुठे गेली. पेन सेंट्रलच्या निकालपत्राने पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे दिले, दुसऱ्याचे अर्धवट दिले आणि तिसरा विचारलाच नाही. ब्रायटेल यांनी विचारलेला प्रश्न, म्हणजे शहराच्या गर्दीने निर्माण केलेली किंमत कोणाची, हाच तिसऱ्या प्रश्नाचा पाया होता. तो बाजूला ठेवला गेला तेव्हाच न बांधलेल्या मनोऱ्याला मालक मिळाला. गर्दीने भाव निर्माण केला, तो भाव हवेच्या नावाने मालकाच्या खात्यात गेला आणि परत आला तो अधिक गर्दीच्या रूपात.

ग्रँड सेंट्रल आज उभे आहे. त्याचे अंतरंगही १९८० मध्ये वारसा म्हणून जाहीर झाले. त्याच्या छतावर ब्रॉयरचा मनोरा नाही, याबद्दल शहराचे आणि त्या सहा न्यायमूर्तींचे आभारच मानले पाहिजेत. मात्र त्या स्थानकावर दिसणारे मोकळे आकाश फुकट मिळालेले नाही. त्याची किंमत कोणी ना कोणी, कुठल्या तरी रस्त्यावर भरते आहे. मुंबईत ती कोण भरते, हे उत्तरेकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या लोकलमधल्या माणसाला कोणत्याही निकालपत्राशिवाय माहीत आहे.